दीड इंच

“तुम्ही वरून धरा साहेब, मी पाय उचलतो,” असं तो वॉचमन म्हणाला, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर त्यात चुकीचं काही नव्हतं. गंगापूर रोडवरचं लॉन्स, आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं रिसेप्शन, मागे हॉर्न वाजवणाऱ्या पाच-सहा गाड्या, आणि आमच्या उंच गाडीच्या उघड्या दाराकडे पाठ करून उभी असलेली माझी बायको अंजली. एका हाताने तिने दाराची चौकट धरली होती, दुसऱ्या हातात काठी होती, आणि मागे सरकत सरकत ती मागच्या सीटवर टेकायचा प्रयत्न करत होती. सीटची कड तिच्या मांडीला लागायला हवी होती, ती कमरेपाशी लागत होती. अंजलीची उंची चार फूट अकरा इंच. ती टाचा उचलत होती, परत टेकवत होती, आणि प्रत्येक वेळी मागचा हॉर्न जरा लांबत होता. मी तिला विचारलं नाही. तिच्या काखांत हात घातले आणि उचललं. वॉचमनने ठरल्याप्रमाणे पाय उचलले. दोघांनी मिळून तिला आत ठेवलं, मी दार लावलं आणि त्याच्या हातावर वीस रुपये ठेवले. घराकडे वळण्याच्या सिग्नलला लाल दिवा लागला. ती काचेबाहेर बघत म्हणाली, “कपाट चढवतानासुद्धा आधी आतलं सामान काढून घेतात हो.”

त्यानंतर चार महिने ती गाडीत बसली नाही. मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे मोजल्याशिवाय मला दुःखसुद्धा नीट होत नाही. चार महिने म्हणजे दोन लग्नं, एक बारसं, एक साठी आणि तिच्या शाळेतल्या मैत्रिणींची ठरून रद्द झालेली तीन जेवणं. ती शाळेत भूगोल शिकवते. जानेवारीत तिच्या डाव्या खुब्याचा सांधा बदलला, रजा वाढवत वाढवत दिवाळीपर्यंत आणली, आणि दिवाळीची सुट्टी संपली की हजर व्हायचं ठरलं होतं. शाळा घरापासून सहा किलोमीटरवर. सप्टेंबरमध्ये एकदा मी पेन शोधताना तिची वही उघडली, तर आत लाल समासाचा एक सुटा कागद होता. ‘मा. मुख्याध्यापिका यांस, प्रकृतीच्या कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.’ एवढंच. खाली सही होती, तारखेची जागा रिकामी होती. मी कागद जसा होता तसा ठेवला आणि पेन न घेताच बाहेर आलो. एकवीस वर्षं पोरांना ध्रुवापासून ध्रुवापर्यंत फिरवून आणणारी बाई आता तीन खोल्यांत राहणार होती, आणि कारण होतं आमच्या गाडीची सीट.

घरी व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट नाझियाने पहिल्याच आठवड्यात नियम सांगितला होता. पाय टाकून चढायचं नाही. पाठ करून उभं राहायचं, मागे सरकायचं, सीट मांडीला लागली की बसायचं, आणि मग दोन्ही पाय जोडून आत घ्यायचे. “वळायचं नाही, उडी मारायची नाही, आणि गुडघे कमरेच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, मॅडम,” ती म्हणाली होती, “एवढं सांभाळा, बाकी हिमालयात जा.” या एका वाक्याने नाशिकमधल्या बहुतेक गाड्या बाद झाल्या. माझ्या भावाची बसकी गाडी बाद, कारण तिच्यात बसलं की गुडघे छातीशी येतात. रिक्षा बाद, का ते नाशिकच्या रस्त्यावरून रिक्षाने गेलेल्याला सांगायला नको. आमच्या गाडीला पायरी बसवून पाहिली. पायरीवर पाठमोरं चढता येत नाही हे पायरी बसवल्यावर कळलं. मग पाट. एक महिनाभर मी लाकडी पाट घेऊन फिरणारा नवरा होतो. तपासणीहून परत येताना कॉलेज रोडवर तिला बसवलं, पाट रस्त्यावरच राहिला, आणि मागून एक मोटारसायकलवाला तो काखेत धरून दोन सिग्नल आमचा पाठलाग करत आला. “काका, तुमचा चौरंग!” असं तो भर चौकात ओरडला. अंजलीने त्याला हात जोडले. घरी आल्यावर तो पाट माळ्यावर गेला. लॉन्सवरचा प्रसंग त्याच्या पुढच्या रविवारचा.

गाडी बदला, असं सगळ्यांनी सुचवलं. पण गाडी तिची होती. तिनेच निवडलेली, तिनेच चालवलेली, पाठीशी एक आणि खाली एक अशा दोन उशा घेऊन. पिंपळगाव बसवंतला माहेरी जाताना हायवेवर ती ट्रकवाल्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून ओव्हरटेक करायची आणि मी शेजारी पाय आवळून बसायचो. उंच गाडी घ्यायला तिला सांगितलं होतं तिच्या वडिलांनी, कारभारीआप्पांनी. गाडी द्राक्षबागेच्या बांधावरून आत यायला हवी, एवढीच त्यांची अट होती. आमच्या सोसायटीत बाकी सगळ्यांनी उंच गाड्या घेतल्या त्या कुठल्या बांधासाठी, हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा गेटमधल्या स्पीडब्रेकरसाठी. तो ब्रेकर कमिटीने ठराव करून ओतला, आणि ठरावात लांबी-रुंदी होती, उंची राहून गेली.

गाडी खाली करता येते, हे मला एका विद्यार्थ्याच्या गाडीवरून सुचलं. जमिनीला पोट घासत कॉलेजात येणारी ती गाडी मी तीन वर्षं तुच्छतेने पाहत होतो. त्या दिवशी पार्किंगमध्ये तिच्याजवळ उभा राहिलो आणि मनातल्या मनात अंजलीला तिच्या सीटवर बसवून पाहिलं. फार खोल. पण तिच्या आणि आमच्या गाडीच्या मध्ये कुठेतरी एक उंची असणार होती, आणि ती मोजता येणार होती. मला एकदम हुरूप आला. मोजता येण्यासारखं काही समोर आलं की मला येतो तसा. यापूर्वी असा हुरूप मी एकदाच स्वतःत पाहिला होता आणि तो मला आवडत नाही. एकवीस सालच्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, अंजलीच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यावर सत्त्याऐंशी आकडा होता, मग एकोणनव्वद, मग पुन्हा सत्त्याऐंशी. मी वहीत तासातासाचे आकडे लिहीत होतो, आलेख काढत होतो. डॉक्टरांनी स्टेरॉइडचं नाव लिहून दिलं तेव्हा ते मिळवायला पंचवटीपासून सिडकोपर्यंत मीच फिरलो, आणि इंजेक्शनं हातात आली तेव्हा माझ्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्यासारखं हसू होतं, असं औषधाच्या दुकानदाराने मला नंतर सांगितलं. आकडा चौऱ्याण्णव झाला. ती वाचली. अडीच वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआयवर पेन टेकवून खुब्याच्या हाडाचा गोळा आतून कसा मेला ते दाखवलं. “त्या औषधाने होतं कधीकधी. पण तेव्हा ते द्यावंच लागलं असतं,” ते म्हणाले. अंजलीने मान हलवली. मी त्या पेनकडे बघत होतो. तिने या विषयावर मला आजवर एक शब्द ऐकवलेला नाही, त्यामुळे मला तो रोज ऐकू येतो.

“माझी उंची कमी, म्हणून आता गाडीचीही कमी करणार?” मी योजना सांगितली तेव्हा ती म्हणाली. ती मटार सोलत होती आणि थांबली नाही.

“फक्त थोडी. तुला स्वतःहून बसता येईल एवढी.”

“आणि रस्त्यात लोक म्हणणार, प्राध्यापकांना उतारवयात शौक सुचले.”

“म्हणू देत.”

“मागे स्पीकरपण बसवा मग मोठे. शाळेच्या गेटवर वाजवत सोडा मला.” शाळा म्हटल्यावर तिचे मटार सोलणारे हात थांबले. मग मटाराची शेंग माझ्याकडे टोकदार धरून म्हणाली, “पण जमलं नाही तर पुन्हा पाट नाही, पायरी नाही, आणि हात तर नाहीच लावायचा. चालेल?” मी चालेल म्हणालो. मला त्या लाल समासाच्या कागदावरची तारखेची रिकामी जागा दिसली.

मग मी मोजमाप केलं. दिवाणावर जुन्या वार्षिकांकांची चळत रचली, वर गादीचा तुकडा, आणि अंजली पाठमोरी मागे सरकून बसून पाहायची. तिला टाच न उचलता टेकता आलं की नाही, एवढाच प्रश्न. एकेक वार्षिकांक काढत गेलो. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचा काढला तेव्हा ती सहज बसली, आणि बसल्यावर स्वतःच दचकली. परत उठली, परत बसली. सहा वेळा. “आता पुरे, मी काय खुर्ची तपासणारी आहे का,” असं म्हणाली, पण सातव्यांदा बसली. टेपने मोजलं, जमिनीपासून सत्तावीस इंच. मी टेप घेऊन पार्किंगमध्ये गेलो आणि गाडीच्या मागच्या सीटची कड मोजली. साडेअठ्ठावीस. तीनदा मोजली, सरासरी काढली, तीही साडेअठ्ठावीस आली. फरक दीड इंच. बोटाची दोन पेरं. त्याच्या अलीकडे शाळा होती, पलीकडे राजीनामा. गाडीत कांद्याचा वास येत होता म्हणून काचा थोड्या खाली घेतल्या आणि वर आलो.

त्या वासाबद्दल सांगायला हवं. पिंपळगावहून रिकाम्या डिकीने परत येणं हा आमच्या सासरवाडीत अपमान समजला जातो. कोणाचा, ते अजून ठरलेलं नाही. ऑगस्टअखेर मी एकटाच आप्पांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी कांदा साठवायच्या चाळीतल्या उन्हाळ कांद्याच्या दोन गोण्या, पन्नास-पन्नास किलोच्या, मला न विचारता डिकीत टाकल्या. दर वर्षी टाकतात. फरक इतकाच, की दर वर्षी ते कांदे अंजली वाटते. पार्किंगमध्ये उभी राहून कोणाला किती हे ती तोंडपाठ सांगायची: दोनशे तीनला पाच किलो, त्यांनी आंबे दिले होते, चारशे एकला दोन, ते दोघंच आहेत, एकशे दोनला नाही, त्यांनी मागच्या वर्षीचे कांदे आपलेच म्हणून पाहुण्यांना वाटले. हे सगळं तिच्या डोक्यात असतं, कुठे लिहिलेलं नाही. मला फक्त एवढं माहीत होतं की चुकीच्या घरी चुकीचं वजन गेलं तर वर्षभर लिफ्टमध्ये कोणी बोलत नाही. म्हणून गोण्या डिकीतच राहिल्या. महिन्यातून दोनदा मी नासके निवडून टाकत होतो, तेवढी माझी शेतीशी नाळ.

आप्पांना गाडी खाली करणार हे फोनवर सांगितलं. “जावईबापू, लोकं उंच करून घेत्यात अन् तुम्ही खाली करता?” ते म्हणाले. “बांधावर पोट टेकंल तिचं. लय घासंल.”

“आप्पा, अंजलीला चढता येत नाही. ती घराबाहेर पडत नाही.”

तिकडे मागे ट्रॅक्टर चालू होता. तो त्यांनी थांबवायला सांगितला. मग म्हणाले, “मंग करा. बांध मी कापून घेतो.”

पहिल्यांदा मी रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो, जिथे गाणी लावलेली होती. तिथल्या माणसाने गाडीला एक चक्कर मारली आणि विचारलं, “कधी पाहिजे? अर्ध्या तासात स्प्रिंगचे दोन वेढे कापतो. पुढं-मागं चारी. दोन इंच खाली बसती.” मी म्हणालो दीड. तो म्हणाला दीडला लुक येत नाही. मी म्हणालो मला लुक नको आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच चुकीच्या दुकानात आलो आहे हे मला पटलं. पुढच्याच चौकात, वडाळा नाक्याच्या अलीकडे, इब्राहिमभाईंचं गॅरेज सापडलं. साठीचा बारीक माणूस, कानाच्या मागे पेन्सिल, मूळचा मालेगावचा. त्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही. आधी मला बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, “कशासाठी, सर?” आत्तापर्यंत कोणी हे विचारलं नव्हतं, त्यामुळे मी गरजेपेक्षा जास्त सांगून बसलो. लॉन्स, वॉचमन, पाट, सगळं. वीस रुपये तेवढे वगळले.

“मॅडमचं वजन?”

“बावन्न किलो.”

“मग ऐका. कापून देणारे शंभर भेटतील. कापली की गाडी खाली येते, पण स्प्रिंग दगड होते. आणि आतला धक्के झेलणारा शॉकअप जुन्याच लांबीचा राहतो. त्याला वाटतं गाडी कायम खड्ड्यातच आहे. प्रत्येक ब्रेकरला ठण्ण. तो ठण्ण कुठे जातो? मॅडमच्या हड्डीत. बसतील आरामात, पण उतरताना रडतील. तुम्हाला काय पाहिजे, खाली आणि नरम. दोन्ही एकत्र मिळतं, पण शोधावं लागतं.” त्यांनी फळीवरून एक स्प्रिंग काढली. तिचे वरचे वेढे जवळजवळ होते, खालचे लांब. “छोट्या खड्ड्याला वरचे दबतात. मोठा आला तरच खालचे. आणि याच्याबरोबर छोट्या लांबीचे शॉकअप, कंपनी एकच. जोडी जमली पाहिजे. इसका सर, उसका पैर, असं नाही चालत.” मग त्यांनी पान्ह्याने स्प्रिंगवर हलकेच टकटक केली, कान जवळ नेला आणि ती परत ठेवली. दुसरी घेतली, टकटक केली, तीही ठेवली. “आवाज फुटका आहे. माल असली, डबा असली, पण कुठेतरी पडलेला.” मी विचारलं, हे कसं कळतं. ते हसले. “अब्बांचे चार माग होते. बाजूला सगळ्या गल्लीचे चालू. त्या गोंगाटात अब्बा जेवता जेवता सांगायचे, तिसऱ्या घरातला दुसरा माग संध्याकाळी बंद पडेल. पडायचा. मी माग सोडला, कान आला बरोबर.”

शॉकअप निवडताना त्यांनी माझाच हात वापरला. एक नवा शॉकअप उभा धरला, दांड्यावर माझा तळवा ठेवला आणि म्हणाले, दाबा. मी दाबला, दांडा आत गेला. सोडा म्हणाले. तो झटक्यात वर आला. “हा नको.” दुसरा अर्ध्यात अडखळला. तोही नको. असे पाच झाले. गॅरेजमध्ये उकाडा होता, तळवा काळा झाला होता, आणि मी एखाद्या धार्मिक विधीला बसल्यासारखा दाबत-सोडत होतो. सहावा सोडला तेव्हा तो हळूहळू, एकसारखा, कुठेही घाई न करता माझा हात वर उचलत आला. मी तळवा काढला नाही. त्या एप्रिलमध्ये अंजली पालथी झोपलेली असायची, तेव्हा मी तिच्या पाठीवर असाच हात ठेवून बसायचो. यंत्राच्या आकड्यावर माझा विश्वास बसत नव्हता, म्हणून श्वासाने हात वर येतो का ते बघत होतो. कधी अडखळत यायचा, कधी झटक्यात. एका सकाळी तो असा आला होता. सावकाश, पूर्ण. मी तेव्हा आकडा वहीत लिहायला विसरलो होतो, हे मला आत्ता, वडाळा नाक्यावर आठवलं. “हा घ्या,” मी म्हणालो. इब्राहिमभाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता तसेच आणखी तीन शोधायला लागले.

“आता किती खाली ते सांगा,” ते म्हणाले. मी घडी घातलेला कागद दिला. साडेअठ्ठावीस, सत्तावीस, फरक दीड, खाली सरासरीचं गणितसुद्धा. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मी गाडी एकदा तुम्हीही मोजा म्हणालो, तर त्यांनी कानाला हात लावले. “तोबा. प्रोफेसर साहेबांनी मोजलं, त्यावर मी टेप लावू? दीड म्हणजे दीड. दोन सांगितले असते तर म्हटलं असतं, आधी सोसायटीच्या ब्रेकरची परवानगी आणा.” एका विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलं की आपल्याकडे कोणी तुमच्यावर टेप लावत नाही. मी तीस वर्षं त्यावरच निभावलं आहे.

शनिवारी काम झालं. सकाळी गाडी वर चढवायच्या आधी त्यांनी डिकी रिकामी केली, गोण्या टायरच्या ढिगाशेजारी ठेवल्या. दुपारी चार वाजता गाडी खाली आली, अलाइनमेंट झाली, त्यांनी चारी कोपऱ्यांवर हाताने दाबून पाहिली, आणि पेन्सिल कानामागे ठेवत म्हणाले, “घ्या सर, मोजा तुमच्या हाताने.” मी मोजली. पावणेअठ्ठावीस. पुन्हा मोजली. पावणेअठ्ठावीस. पाऊण इंच जास्त. इब्राहिमभाईंनी स्प्रिंगवरचा नंबर डब्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला, बरोबर होता. त्यांचा चेहरा पडला. “चाळीस वर्षांत असं नाही झालं,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि त्या वाकलेल्या पाठीकडे बघताना मला वाटलं, आता घरी जाऊन काय सांगायचं. पाऊण इंच म्हणजे बोटाचं एक पेर. एका पेरासाठी ती परत टाचा उचलेल, परत टेकवेल, मला म्हणेल, राहू द्या. मग वही उघडेल आणि तारीख घालेल. तिचं अक्षर फार सुबक आहे. मी सीटच्या कडेला टेप धरून तसाच उकिडवा बसलो होतो. इब्राहिमभाई म्हणाले, “सोमवारी परत बघू, सर. सामान तरी ठेवून देतो,” आणि त्यांनी व शेजारच्या पंक्चरवाल्याने एक गोणी उचलून डिकीत टाकली. टेप माझ्या हातात हलली. दुसरी टाकली. टेप परत हलली. मी चष्मा पुसून वाचलं. सत्तावीस.

मी टेप तशीच धरून ठेवली. इब्राहिमभाई आले, वाकले, त्यांनी वाचलं. मग डिकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सर,” ते फार अदबीने म्हणाले, “घरी मोजली तेव्हा कांदा आत होता?”

“होता.”

“दोन्ही गोण्या?”

“दोन्ही.”

ते चाकाला टेकून जमिनीवर बसले आणि आवाज न करता हसत राहिले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पंक्चरवाल्याला का हसायचं ते माहीत नव्हतं, पण तोही हसला. निरीक्षण घेतानाची परिस्थिती नोंदवा, हे मी दर जुलैमध्ये पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो, आणि खाली दोन रेघा मारतो. “मागच्या स्प्रिंगा बदलून देतो,” इब्राहिमभाई उठत म्हणाले, “आठ दिवस लागतील माल यायला. तोपर्यंत कांदा हलवू नका.”

रविवारी सकाळी दहा वाजता अंजली लिफ्टने खाली आली. काठी, पर्स, शाळेत नेसायची ती निळी साडी. गाडीकडे लांबून पाहिलं. “मला वाटलं होतं बसक्या म्हशीसारखी दिसेल. तशी नाही दिसत,” ती म्हणाली. मग मला म्हणाली, “तुम्ही तिकडे जाऊन उभे राहा.”

“कुठे?”

“मला दिसणार नाही असे.”

मी खांबामागे गेलो. खांबावर कोणीतरी पेन्सिलने लिफ्टवाल्याचा नंबर लिहिला होता, तो मी वाचत राहिलो. दार उघडल्याचा आवाज आला. काठी पत्र्याला लागली. मग काही नाही. मी लिफ्टवाल्याचा नंबर उलटा वाचला. मग एक अगदी बारीक आवाज, सीटचं रेक्झिन करकरल्यासारखा, आणि पुन्हा काही नाही. “या आता,” अंजली म्हणाली. ती बसली होती. दोन्ही पाय आत होते, जोडून, आणि साडीच्या निऱ्या ती सारख्या करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “टाच उचलावी लागली नाही.” आणि लगेच नाक आक्रसून, “अहो, डिकीत कांदे आहेत?”

“आप्पांचे. ऑगस्टपासून.”

“ऑगस्टपासून! कोंब आले असतील. वाटले का नाहीत?”

“कोणाला किती, ते मला माहीत नाही.”

तिने माझ्याकडे वर्गात गृहपाठ न आणलेल्या मुलाकडे बघावं तसं पाहिलं. पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला, पेन काढलं, कागद उलटा करून गुडघ्यावर पसरला आणि लिहायला लागली. दोनशे तीन, पाच किलो. चारशे एक, दोन. कागदाच्या कडेला पलीकडचा लाल समास झिरपून दिसत होता. दोन ओळी तिच्या गुडघ्यावर पालथ्या पडल्या होत्या. “आजच वाटून टाकते,” ती म्हणाली.

“वाटता येणार नाहीत,” मी म्हणालो, आणि मग सांगावंच लागलं. साडेअठ्ठावीस, पावणेअठ्ठावीस, टेप, पंक्चरवाला. तिने पेन थांबवून सगळं ऐकलं. मग कुठून तरी खालून तिचं हसू यायला लागलं, जे मी जानेवारीपासून ऐकलं नव्हतं. तिने खुब्यावर हात दाबला. “हसवू नका, दुखतंय. संख्याशास्त्राचे प्राध्यापक!”

“हो.”

“कांद्यासकट मोजली!”

“हो. इब्राहिमभाई म्हणतात मागच्या स्प्रिंगा बदलून देतो. आठ दिवस.”

“कशाला?” ती डोळे पुसत म्हणाली. “रिकाम्या डिकीची गाडी मी तरी कधी चालवली?” आणि थोडा विचार करून, “आधी पिंपळगावला जाऊ. नवीन दोन गोण्या आणू, मग या वाटू.”

“आज?”

“मी बसलेय ना.” तिने फोन लावला. “आप्पा, दोन गोण्या भरून ठेवा. हो, येतेय. मीच. नाही हो, वाटायला नाही, बसायला. ते आल्यावर सांगते. बांध कापला का?”

मी पुढे जाऊन चावी लावली. आरशात ती दिसत होती. चालू करायच्या आधी मी म्हणालो, “अंजली, त्या दिवशी लॉन्सवर मी तुला विचारायला हवं होतं.”

“हो,” ती म्हणाली. पेन चालूच होतं. “आणि वीस रुपये देताना पाहिलं होतं मी. कपाटाला पन्नास देतात.”

गेटपाशी ब्रेकर आला. मी जवळजवळ थांबलोच. “चला हो,” मागून आवाज आला. पुढची चाकं चढली, उतरली, मग मागची. गाडी एकदा खाली गेली, सावकाश वर आली आणि तिथेच राहिली. डिकीत कांदे थोडे सरकले. मी आरशात पाहिलं. अंजलीने ‘एकशे दोन’ खोडलं होतं, आणि त्याच्याच शेजारी ते पुन्हा लिहीत होती.